इन्सुलिनच्या कारखान्यावरचा ताण

मधुमेह म्हटला की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात : गोड खाण्याची हौस आणि सुटलेले शरीर. त्यामुळे विरारहून पहाटेची लोकल पकडून चर्चगेट गाठणारा, अंगाने सडपातळ, मिठाईच्या वाटेला फारसा न जाणारा पस्तिशीतला माणूस वार्षिक तपासणीत मधुमेही ठरतो, तेव्हा त्याचा स्वतःचा आणि घरच्यांचाही त्यावर विश्वास बसत नाही. तपासणीच चुकली असेल, आदल्या दिवशी लग्नाचे जेवण झाले होते, कामाचा ताण फार आहे, असे तर्क लढवले जातात. काही महिने कारल्याचा रस आणि मेथीचे पाणी यांवर काढले जातात. हा काळ वरवर पाहता शांततेचा असतो. कुठे दुखत नाही, कामात खंड पडत नाही. शरीराच्या आत मात्र याच काळात एक झीज चालू असते आणि ती झीज नेमकी कोठे होते, हे गेल्या पाव शतकातील संशोधनाने बरेच स्पष्ट केले आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात २०२१ साली सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे होते. आकड्यांच्या या डोंगराकडे पाहताना सारा दोष आहाराला आणि बैठ्या जीवनशैलीला देण्याची रीत पडली आहे. तो दोष आहेच. पण तेवढ्याने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. सारखेच खाणाऱ्या, सारखेच बसून काम करणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला मधुमेह होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असे का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर पोटात, जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडात डोकवावे लागते.

एका पेशीतला कारखाना

स्वादुपिंडाचा बहुतेक सारा भाग पाचकरस तयार करण्यात गुंतलेला असतो. त्या पसाऱ्यात पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली असतात. पॉल लँगरहान्स या बर्लिनमधील वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८६९ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांचे प्रथम वर्णन केले. माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटे असली, तरी ती सारी मिळून अवयवाच्या वजनाचा अवघा एक ते दोन टक्के भाग व्यापतात. या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. रक्तातील साखर स्नायूंत आणि चरबीत शिरावी व यकृताने साखर सोडण्याचे थांबवावे, हे सांगणारा निरोप म्हणजे इन्सुलिन. हा निरोप देणारी दुसरी पेशी शरीरात नाही. म्हणजेच साऱ्या देहाचा साखरेचा हिशोब या मूठभर पेशींच्या भरवशावर चालतो.

इन्सुलिन हे प्रथिन आहे आणि ते एका फटक्यात तयार होत नाही. प्रथम अमिनो आम्लांची एक लांब साखळी विणली जाते. ती पेशीतील 'आंतर्द्रव्यजालिका' या नळ्या-पिशव्यांच्या जाळ्यात शिरते. तेथे साखळीचे सुरुवातीचे टोक छाटले जाते आणि ८६ अमिनो आम्लांचे 'प्रोइन्सुलिन' उरते. हे इन्सुलिनचे पूर्वरूप १९६७ मध्ये शिकागोचे डोनाल्ड स्टायनर यांनी शोधून काढले. या साखळीची ठराविक पद्धतीने घडी पडावी लागते आणि तीन ठिकाणी गंधकाच्या अणूंचे दुवे अचूक जुळावे लागतात. हे नीट झाले, तरच माल पुढच्या विभागात जातो, साखळीचा मधला तुकडा कापला जातो आणि ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन बारीक पुटिकांत भरून ठेवले जाते. कापलेल्या तुकड्याला 'सी-पेप्टाइड' म्हणतात. इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूमागे त्याचाही एक रेणू तयार होतो. रुग्णाचे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते, हे जाणण्यासाठी डॉक्टर जी सी-पेप्टाइडची चाचणी करावयास सांगतात, तिचे मूळ येथे आहे.

जेवणानंतर रक्तात साखर वाढली की एकेक बीटा पेशी मिनिटाला दहा लाखांच्या आसपास प्रोइन्सुलिनचे रेणू तयार करू शकते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अशा वेळी पेशीत बनणाऱ्या एकूण प्रथिनांपैकी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतचा वाटा या एकट्या प्रथिनाचा असतो. शरीरातील फार थोड्या पेशींवर इतका बोजा असतो. शिवाय घडी घालताना आणि गंधकाचे दुवे जोडताना काही घातक ऑक्सिजन-संयुगे तयार होतात. ती निकामी करणारी विकरे बीटा पेशीत तुलनेने कमी असतात. थोडक्यात, काम अफाट आणि संरक्षण तोकडे, अशी या पेशीची जन्मजात अवस्था आहे.

माल साचू लागतो तेव्हा

वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे परिसरात लहान उद्योगांचे शेकडो गाळे आहेत. अशा एखाद्या गाळ्यात क्षमतेबाहेर ऑर्डर आल्या तर काय होते, हे तेथील कोणताही फोरमन सांगेल. यंत्रे थांबत नाहीत, पण हात अपुरे पडतात. घाईत बनलेला माल तपासणीत नापास होऊ लागतो आणि नाकारलेल्या मालाचा ढीग वाढून वावरायलाही जागा उरत नाही. बीटा पेशीत नेमके हेच घडते. इन्सुलिनची मागणी सतत वाढलेली राहिली की आंतर्द्रव्यजालिकेत घडी न पडलेल्या वा चुकीची घडी पडलेल्या प्रथिनांचा साठा होऊ लागतो. या अवस्थेला 'आंतर्द्रव्यजालिकेवरील ताण' म्हणतात. मनाच्या ताणतणावाशी या शब्दाची गल्लत होता कामा नये. हा ताण एका पेशीच्या आतला, निव्वळ कामाच्या बोज्याचा आहे.

पेशी या संकटाला निमूटपणे शरण जात नाही. जालिकेच्या पडद्यात तीन पहारेकरी प्रथिने बसलेली असतात. त्यांची नावे पर्क, आयर-१ आणि एटीएफ-६. साचलेल्या मालाची चाहूल लागताच ती जागी होतात. पर्क नव्या प्रथिनांची निर्मिती तात्पुरती मंदावते, म्हणजे गाळ्यात येणारा कच्चा माल दारातच थांबवला जातो. आयर-१ आणि एटीएफ-६ पेशीच्या केंद्रकाकडे निरोप धाडतात. मग घडी घालण्यास मदत करणारी प्रथिने अधिक बनतात, जालिका विस्तारते आणि नापास माल बाहेर काढून नष्ट केला जातो. ही यंत्रणा उलगडण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील पीटर वॉल्टर आणि जपानमधील काझुतोशी मोरी यांच्याकडे जाते. या कामाबद्दल दोघांना २०१४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

निरोगी माणसात ही यंत्रणा रोजच्या रोज चालू-बंद होत असते. जेवणानंतर ताण वाढतो, उपाशी अवस्थेत उतरतो. म्हणजे ताण हा मुळात शत्रू नव्हे. त्याला उतार न मिळणे हे संकट होय. मागणी महिनोन् महिने, वर्षानुवर्षे चढीच राहिली तर त्याच पहारेकऱ्यांचा सूर बदलतो. पेशी वाचवणारे संदेश मागे पडतात आणि 'चॉप' नावाच्या प्रथिनामार्फत पेशीला स्वतःचा शेवट करून घेण्याचा आदेश मिळतो. गाळा सावरत नाही असे दिसताच टाळे लावले जावे, तसेच हे.

टाळे लागण्यापूर्वी आणखी एक अवस्था असते, हे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या डोमेनिको अचिली यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. थकलेल्या बीटा पेशी लगेच मरत नाहीत. त्या आपली ओळख विसरतात, इन्सुलिन बनवणे सोडून देतात आणि पोरक्या पेशींसारख्या निष्क्रिय पडून राहतात. मेलेली पेशी परत येत नाही. ओळख विसरलेली पेशी कदाचित परत येऊ शकते. उपचारांच्या दृष्टीने या दोन अवस्थांतील फरक मोलाचा आहे.

पुरावा काय?

ही सारी कल्पनेची भरारी नाही, याचे दाखले निसर्गानेच दिले आहेत. जपानमधील अकिता येथे १९९० च्या दशकात उंदरांचा एक वाण आढळला. त्याच्या इन्सुलिन-जनुकात एकच चूक होती, पण तिच्यामुळे गंधकाचा एक दुवा जुळेना आणि इन्सुलिनची घडी चुकू लागली. हे उंदीर लठ्ठ नव्हते, तरीही लहान वयातच त्यांना मधुमेह जडला. २००७ मध्ये माणसातही इन्सुलिन-जनुकातील अशाच चुका सापडल्या. त्या घेऊन जन्मलेल्या अर्भकांना आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह होतो.

दुसरा दाखला पर्क या पहारेकऱ्याचा. त्याचे जनुक निकामी असलेल्या बालकांना 'वोलकॉट-रॅलिसन' हा दुर्मीळ विकार होतो, हे २००० मध्ये स्पष्ट झाले. त्यांतही मधुमेह तान्हेपणीच प्रकटतो. या बालकांचे इन्सुलिन निर्दोष असते, नसतो तो फक्त आवक थांबवणारा दारावरचा माणूस. एका दाखल्यात माल सदोष, दुसऱ्यात व्यवस्था सदोष आणि परिणाम मात्र एकच, बीटा पेशींचा नाश.

नेहमीच्या, म्हणजे 'टाइप २' मधुमेहाविषयीचा पुरावा मृत्यूनंतर तपासलेल्या स्वादुपिंडांतून मिळाला. पीटर बटलर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लठ्ठ मधुमेहींमध्ये बीटा पेशींचा साठा मधुमेह नसलेल्या लठ्ठ व्यक्तींपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी आढळला. सडपातळ मधुमेहींमध्ये ही घट ४१ टक्के होती. विशेष म्हणजे उपाशीपोटीची साखर थोडीशीच वाढलेल्या, म्हणजे अजून मधुमेही न ठरलेल्या लठ्ठ व्यक्तींतही ४० टक्के घट होतीच. त्यानंतरच्या काही अभ्यासांत मधुमेहींच्या बीटा पेशींत जालिकेवरील ताणाच्या खुणा दिसून आल्या. ताण हे या झिजेचे एकमेव कारण आहे, असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. बेटांत साचणारे अमायलॉइड, दाह आणि वाढलेल्या साखरेचा व चरबीचा थेट मारा हेही वाटेकरी आहेत. परंतु यांपैकी बहुतेक वाटा शेवटी त्या जालिकेपाशी येऊन मिळतात.

मागणी वाढते कशाने?

स्नायू आणि यकृत इन्सुलिनच्या निरोपाला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनासे झाले की तेवढ्याच कामासाठी अधिक इन्सुलिन लागते. यालाच 'इन्सुलिन-रोध' म्हणतात. पोटाच्या घेराभोवती साठलेली चरबी, हालचालीचा अभाव, अपुरी झोप ही त्याची परिचित कारणे. घटकाघटकाला गोड चहा, बिस्किटे, वडापाव यांचा मारा चालू राहिला तर ताण उतरण्यासाठी लागणारी उसंतच पेशींना मिळत नाही. तुपा-तेलांतील संपृक्त मेदाम्ले दीर्घकाळ वाढीव प्रमाणात राहिली तर बीटा पेशींच्या जालिकेवर थेट ताण आणतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यांत साखरेचीही भर पडली की अपाय दुणावतो.

वसई-विरारसारख्या शहराचा दिनक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेत सव्वाबारा लाखांच्या घरात असलेल्या या महापालिका क्षेत्रातून रोज असंख्य माणसे मुंबईकडे धावतात. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे. जाण्यायेण्यात तीन-चार तास मोडतात, रात्रीचे जेवण दहाच्या पुढे जाते आणि पहाटे पुन्हा गाडीची वेळ गाठायची असते. रात्रपाळीत काम करणाऱ्यांत मधुमेहाचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील पाहण्यांत दिसले आहे. गाडीत उभ्याने घालवलेले तास व्यायामात मोडत नाहीत आणि झोपेतून कापलेले तास शरीर विसरत नाही.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. ही धावपळ सर्वांच्या वाट्याला सारखीच आहे, मग कारखाना काहींचाच का बसतो? याचे उत्तर कारखान्याच्या मूळ क्षमतेत दडलेले आहे आणि ते शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

पुण्याचे संशोधन

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास हाती घेतला. तेथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त अशा या शरीरयष्टीला 'थिन-फॅट' हे नाव मिळाले. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापले, ते बरेच गाजले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

त्या सहा खेड्यांतील मुले १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. सुमारे निम्म्या मुला-मुलींचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. आणि तरीही ३७ टक्के मुलांच्या व १८ टक्के मुलींच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेबाहेर गेली होती. या मुला-मुलींचा वर्षानुवर्षांचा आलेख मांडल्यावर दिसले ते असे : वय वाढताना सगळ्यांचीच इन्सुलिनची गरज वाढली, पण यांच्या बीटा पेशी त्या प्रमाणात उत्पादन वाढवू शकल्या नाहीत. यांपैकी अनेकांची जन्माच्या वेळची लांबी कमी होती आणि बालपणीच त्यांची साखर इतरांपेक्षा किंचित चढी होती. गर्भात असताना मिळालेले अपुरे पोषण स्वादुपिंडाच्या घडणीवर परिणाम करते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत आधीच दिसले होते. आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर अन्न देऊनही त्यांच्या शरीरातील बिघाड पुरते सुधारले नाहीत.

पुण्यातीलच 'वेलजेन' अभ्यासाने या चित्रात भर घातली. पंचेचाळिशीच्या आत टाइप २ मधुमेह झालेल्यांची २०२२ मध्ये गटवारी प्रसिद्ध झाली. त्यात निम्म्याहून अधिक रुग्ण 'तीव्र इन्सुलिन-कमतरता' या गटात मोडले. स्वीडनमधील तरुण रुग्णांत हे प्रमाण बरेच कमी आहे. म्हणजे पाश्चात्त्य ग्रंथांत ज्या आजाराचा नायक 'लठ्ठपणा' आहे, त्याच आजाराचा आपल्याकडील नायक बऱ्याच अंशी 'लवकर दमणारी बीटा पेशी' हा आहे. लहान गाळा, मोजके कामगार आणि त्यात अचानक आलेल्या शहरी ऑर्डरी, असा हा मामला आहे.

एकाच जिल्ह्याची दोन टोके

या संशोधनाचा पालघर जिल्ह्यासाठी असलेला अर्थ गंभीर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या एका टोकाला वसई-विरारची गगनचुंबी वस्ती आहे, तर दुसऱ्या टोकाला जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे डोंगराळ आदिवासी तालुके. जव्हारमधील वावर-वांगणीची बालमृत्यूंची घटना १९९२-९३ मध्ये राज्यभर गाजली. कुपोषण आणि कमी वजनाची बाळे हे प्रश्न त्यानंतरही या पट्ट्याचा पिच्छा सोडत नाहीत. त्या वर्षांत जन्मलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. डोंगरातील अनेक कुटुंबे पावसाळा सरताच वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामासाठी खाली उतरतात. वसई, भिवंडी ही त्यांची नेहमीची ठिकाणे. काहीजण तेथेच स्थिरावतात. नाचणी-वरईच्या जागी पॉलिश केलेला तांदूळ येतो, पाकीटबंद खाद्यपदार्थ येतात.

कमी वजनाने जन्मलेला प्रत्येक माणूस मधुमेही होतो असे नव्हे. परंतु त्याच्या बीटा पेशींची राखीव ताकद मुळात कमी असण्याची शक्यता असते आणि म्हणून थोड्याशा वाढीव मागणीनेही त्या लवकर थकू शकतात. कुपोषण हा गरिबांचा आणि मधुमेह हा श्रीमंतांचा प्रश्न, ही जुनी विभागणी येथे कोलमडते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेहाला 'टाइप ५' असा स्वतंत्र दर्जा दिला. त्यावर तज्ज्ञांत मतभेद असले, तरी या दुव्याची दखल जागतिक पातळीवर घेतली गेली, हे महत्त्वाचे. मोखाड्यातील गर्भवतीच्या ताटातील अन्न ही तिच्या बाळाच्या चाळिशीतील साखरेचीही तजवीज आहे, हे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

पेशींना उसंत देता येते

या कहाणीची आशादायक बाजू अशी की ताण वेळीच उतरवला तर पेशी सावरतात. चीनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. नुकतेच निदान झालेल्या टाइप २ रुग्णांना काही आठवडे इन्सुलिन देऊन साखर पूर्ण ताब्यात आणली आणि मग सारे औषध थांबवले. वर्षभरानंतरही पंपाने इन्सुलिन घेतलेल्यांपैकी ५१ टक्के आणि इंजेक्शनने घेतलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांची साखर औषधाविना काबूत होती. सुरुवातीला गोळ्या घेतलेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. बाहेरून इन्सुलिन मिळाल्याने थकलेल्या कारखान्याला विसावा मिळाला, असा त्याचा अर्थ लावला जातो. 'एकदा इन्सुलिन लागले की संपले' अशी जी भीती घराघरांत असते, तिला हा अभ्यास छेद देतो.

दुसरा मार्ग वजनाचा. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिनवर नसलेल्या रुग्णांना देखरेखीखाली अल्पउष्मांक आहार देण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर ४६ टक्के रुग्ण औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली आले होते. सडपातळ वाटणाऱ्या रुग्णांवरही असाच एक प्रयोग न्यूकॅसलच्या संशोधकांनी केला. तो अवघ्या २० जणांवरचा होता, तरी त्यांपैकी १४ जणांना वजन थोडे घटवून हेच साधले. मात्र ज्यांचे वजन प्रमाणाहून कमी आहे, त्यांनी हा मार्ग धरणे घातक ठरेल.

ताण थेट कमी करणाऱ्या औषधांचाही शोध चालू आहे. रक्तदाबावरील 'व्हेरापामिल' हे जुने, स्वस्त औषध बीटा पेशींतील एका हानिकारक प्रथिनाला आवर घालते, असे प्रयोगशाळेत आढळले. टाइप १ मधुमेह नुकताच झालेल्या मुलांवरील २०२३ च्या अमेरिकी चाचणीत हे औषध घेणाऱ्यांचे सी-पेप्टाइड वर्षभरानंतर इतरांपेक्षा ३० टक्क्यांनी अधिक राहिले. टाइप १ चे मूळ शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत असले, तरी तेथेही पेशीवरील ताण आगीत तेल ओततो, असे मानण्यास यामुळे बळ मिळाले. हे उपचार अद्याप नित्याचे झालेले नाहीत. ते स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे.

वेळ हेच औषध

वाचकाच्या हाती यातून काय लागते? ब्रिटनच्या प्रदीर्घ 'यूकेपीडीएस' अभ्यासात असे दिसले होते की टाइप २ मधुमेहाचे निदान होते, त्या दिवशी बीटा पेशींची निम्मी कार्यक्षमता आधीच गेलेली असते आणि नंतरही ती दरवर्षी घटत राहते. म्हणून लक्षणांची वाट पाहणे म्हणजे गाळ्याला टाळे लागेपर्यंत हिशोबाची वही न उघडणे होय. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात वयाच्या ३० व्या वर्षापासून तपासणीची सोय आहे. आई-वडिलांना मधुमेह असल्यास, जन्मावेळी वजन कमी असल्यास किंवा गर्भारपणी साखर वाढली असल्यास त्याहूनही आधी तपासणी करून घेणे शहाणपणाचे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारे 'एचबीए१सी' ५.७ ते ६.४ आले, तर तो मधुमेहाचा उंबरठा समजला जातो. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ या आकड्यांपासून पुढे मधुमेह. वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर अधिक खरे बोलतो. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानतात.

उंबरठ्यावर असलेल्यांना परतीची वाट खुली असते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ मध्ये दाखवून दिले की आहार आणि चालण्यातील साध्या बदलांनी अशा भारतीयांचा मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी होतो. रात्रीचे जेवण थोडे अलीकडे आणणे, चहातील साखर आणि अधूनमधूनचे चरणे आवरणे, डाळी-उसळींचा वाटा वाढवणे, रोज अर्धा तास झपझप चालणे आणि झोपेला हात न लावणे, हे सारे उपदेश जुनेच आहेत. बदलले आहे ते त्यांच्यामागचे कारण. दोन जेवणांच्या मधला मोकळा वेळ म्हणजे पेशीने साचलेला माल निस्तरण्याची वेळ. चालणारा स्नायू साखर ओढून घेतो, तेवढे इन्सुलिन कमी लागते. ज्यांना औषध सुरू झाले आहे, त्यांनी ते साखर उतरली म्हणून परस्पर बंद करू नये. साखर ताब्यात ठेवणाऱ्या गोळ्यांपैकी काही कमी-अधिक प्रमाणात त्या पेशींचे ओझे वाटून घेत असतात, सगळ्याच नव्हे. कोणत्या रुग्णाला कोणती गोळी योग्य, याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

मधुमेहाला 'साखरेचा आजार' म्हणण्याची पद्धत आहे. साखर हा त्याचा धूर आहे. आग लागते ती स्वादुपिंडातील त्या चिमुकल्या बेटांत आणि ती लागण्यापूर्वी बरीच वर्षे तेथे धुमसत असते. विरारच्या फलाटावरील तो सडपातळ प्रवासी गोड खात नाही म्हणून सुरक्षित नाही आणि त्याच्या तपासणीत साखर निघाली म्हणून त्याचे सारे संपले असेही नाही. त्याच्या उरलेल्या पेशी अजून काम करीत आहेत. कारल्याच्या रसावर गेलेले सहा महिने त्यांच्या खाती जमा होत नाहीत. निदानानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सुरू झालेले उपचार मात्र होतात.